वरळीचा बेडूक कुठे सापडेल?

रायगड जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांची मुलगी भूविज्ञान घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मुंबई परिसरातील जीवाश्मांवर तिला प्रकल्प लिहायचा आहे. कॉलेजच्या लायब्ररीत दोन जुनी पाठ्यपुस्तके निघाली. इंटरनेटवर जो लेख कामाचा दिसला तो उघडायला तीन-चार हजार रुपये मागतात. कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला म्हणतो, तयार प्रोजेक्ट देतो, नाव तेवढे बदला. भगिनी विचारतात : "घर एकाच्या पगारावर चालते. लेखाचे पैसे भरावेत, तयार प्रोजेक्ट घ्यावा, की मुलीला विषयच बदलायला सांगावे?"

तिन्हीपैकी काहीच करू नये. तयार प्रोजेक्टचे तर नावही काढू नका. तोंडी परीक्षेला सरांनी "हा थर नेमका कुठे दिसतो?" एवढे विचारले तरी मुलगी गप्प उभी राहील, आणि तीन वर्षांची मेहनत त्या एका क्षणात संशयाखाली येईल. विषय तर फारच चांगला निवडला आहे. त्याची बरीचशी साधने फुकट आहेत. फक्त ती कोणत्या नावाने शोधायची हे कोणी सांगत नाही.

वरळीचा बेडूकच घ्या. वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या काळ्या कातळाखालच्या पातळ थरात, बोटाएवढ्या बेडकांचे सांगाडे दगडात उमटलेले सापडले. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्याचे वर्णन छापले आणि नाव दिले राना पुसिल्ला. 1869 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या स्टोलिच्का यांनी त्याला ऑक्सिग्लॉसस या गटात टाकले. पुढे 1930 साली न्यूयॉर्कच्या नोबल यांनी इंडोबॅट्रॅकस हे नवे नाव दिले आणि पाठ्यपुस्तकांत तेच आले. आता मुलगी पुस्तकात वाचलेले इंडोबॅट्रॅकस टाइप करते आणि 1847 चा लेख काही तिच्या हाती लागत नाही. लागणार कसा? त्या लेखात ते नावच नाही!

म्हणून आधी एक वही करावी. एका पानावर प्राण्याची किंवा वनस्पतीची जुनी-नवी सगळी नावे, दुसऱ्यावर गावांची जुनी स्पेलिंगे. मुंबई म्हणजे बॉम्बे हे सर्वांना ठाऊक असते, पण चंद्रपूर जुन्या कागदांत चांदा आहे आणि जबलपूरचे इंग्रजांनी जब्बलपोर केले होते. तिसऱ्या पानावर थरांची नावे. मुंबईचा थर 'इंटरट्रॅपियन' या शब्दाखाली मिळेल, चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याचे डायनोसॉर 'लमेटा' या शब्दाखाली. मराठीत समजून घ्यायचे असेल तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यातल्या नोंदी जुन्या असल्या तरी पाया पक्का करतात, आणि आईलाही मुलगी काय करते आहे ते कळते. हेही काही कमी नाही.

नावे हाती आली की जुने लेख बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्ह या दोन मोफत संग्रहांत शोधावेत. ओवेन यांचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आहे. नागपूर परिसरातील जीवाश्मांवर हिस्लॉप आणि हंटर यांनी 1855 मध्ये लिहिले तेही त्याच त्रैमासिकात. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे हिस्लॉप. नोबल यांचा लेख अमेरिकन म्युझियम नोव्हिटेट्सच्या 401 व्या अंकात असून तो त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो.

लेख नवा असला म्हणजे तो विकतच घ्यावा लागतो असेही नाही. गुजरातच्या बालासिनोरजवळ रैयोली येथे सापडलेल्या राजासॉरसचे 2003 चे मूळ वर्णन मिशिगन विद्यापीठाने मोफत ठेवले आहे. याच रैयोलीची ओळख पर्यटकांना करून देण्यात बालासिनोरच्या नवाब घराण्यातील आलिया सुलताना बाबी यांनी अनेक वर्षे घातली. सुट्टीत तिकडे जाणे झाले तर मुलांना जरूर दाखवा. आपल्या देशातले 'करंट सायन्स' मोफत आहे. वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे 'द पॅलिओबॉटनिस्ट' पाहावे, तेही मोफत.

एवढ्यावर भागले नाही तर शोधगंगा आहे. भारतातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे ठेवलेले असतात. प्रबंध उघडला की पहिले प्रकरण वाचत बसू नये, शेवटची संदर्भसूची आधी पाहावी. कोणीतरी चार-पाच वर्षे खपून ती केलेली असते.

आता तीन-चार हजारांच्या लेखाचे. गूगल स्कॉलरवर लेखाच्या नावाखाली 'सर्व आवृत्त्या' असे लिहिलेले असते, तिथे पुष्कळदा लेखकाने स्वतः ठेवलेली मोफत प्रत सापडते. नाही सापडली तर लेखकाला ईमेल करून प्रत मागावी. संशोधकांत ही जुनी रीत आहे आणि बहुतेक जण आनंदाने पाठवतात. "अनोळखी माणसाला मुलीने पत्र लिहावे का?" असाही प्रश्न आमच्या भगिनीच्या मनात आहे. आम्हाला त्यात गैर वाटत नाही. मार्गदर्शक मॅडमना विचारून, त्यांनाही त्याच ईमेलची प्रत जाईल असे लिहावे. कॉलेजचे नाव, विषय, कोणता लेख हवा, एवढे चार ओळींत पुरे. फोटो, घरचा पत्ता, मोबाइल नंबर देण्याचे कारण नाही.

मिळाले म्हणजे खरे, असेही धरू नये. 2021 मध्ये भोपाळजवळच्या भीमबेटका येथे गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा ठसा सापडल्याचा लेख एका प्रतिष्ठित नियतकालिकात आला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. 2023 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जागेवर जाऊन पाहिले, तर ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले! पहिल्या चमूच्या प्रमुखांनीही ते मानले. पण 2021 च्या बातम्या अजून जशाच्या तशा पडून आहेत. म्हणून लेख हाती आला की त्याचा उल्लेख पुढे कोणी कोणी केला, ते त्याच गूगल स्कॉलरवर बघून घ्यावे.

हीच कसोटी आपल्या घरच्या अभिमानालाही लावावी. मुसलमान विद्वानांनी जीवाश्मांविषयी अमुक सांगितले असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. त्यांतले किती खरे? अल् बिरूनीने 1030 च्या सुमारास लिहिलेल्या 'किताबुल हिंद'मध्ये, डोंगराजवळ मोठे गोटे, पुढे लहान आणि नदीच्या मुखाकडे वाळू, असे पाहून हे मैदान पूर्वी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने भरले असावे, असा तर्क केला आहे. हे नक्की आहे, कारण सखाऊ यांचा इंग्रजी अनुवाद इंटरनेट आर्काइव्हवर आहे, पान काढून वाचता येते. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत हे जरूर घालावे, पण पान क्रमांकासह. संदेशाच्या भरवशावर नव्हे.

उरली लायब्ररी. मुंबईत एशियाटिक सोसायटीत एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या भूविज्ञानाचे कागद आहेत, आणि तिच्या 'ग्रंथसंजीवनी' या डिजिटल संग्रहात काही घरबसल्याही पाहता येतात. रायगडहून जाणे म्हणजे एक दिवस मोडतो. तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देतात का, कोणते पत्र लागते, ते विचारावे. कॉलेजचे ओळखपत्र आणि प्राचार्यांच्या सहीचे पत्र बरोबर असावे. वर्ष, खंड, पान लिहिलेली चिठ्ठी आधीच तयार ठेवावी. "जीवाश्मांवर काही आहे का?" असे विचारले तर ग्रंथपाल काय काढून देणार? चिठ्ठी दिली तर दुपारच्या आत खंड टेबलावर येईल आणि संध्याकाळच्या गाडीने मुलगी घरी परतेल.