"तुरळक ठिकाणी" म्हणजे कोणाच्या बांधीत?



काल चहाच्या टपरीवर पुन्हा तेच ऐकलं. "ऑरेंज अलर्ट होता म्हणे, थेंब नाई पडला. लबाड हायेत हे हवामानवाले." बाजूचा म्हणे, "आमच्याकडं तर बांध्या तुडुंब भरल्या." दोघांच्या गावात अंतर दहा किलोमीटर. आता लबाड कोण, सांगा बरं!

मला विचाराल तर अंदाज आपण म्हणतो तितका खोटा नसतो. पण तो लिहितात असा, की खोटाही ठरवता येत नाही अन् त्याच्या भरवशावर मजूरही सांगता येत नाही.

"जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस." हवामान खात्याच्या हिशोबात तुरळक म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर 25 टक्के. "काही ठिकाणी" म्हणजे 26 ते 50, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे 51 ते 75, त्याच्या वर "बहुतांश". म्हणजे तुमसरात पडला अन् लाखांदूर कोरडं राहिलं तरी अंदाज बरोबरच! पण मथळा येतो "भंडारा जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट". तुरळक शब्द वाटेतच गळतो.

मुसळधार म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर. तहसीलच्या कागदात 65 च्या वर गेलं की अतिवृष्टी. एकाच पावसाला दोन नावं, मग माणूस भांबावणार नाही तर काय. दिवसाचाही घोळ आहे. पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला सुरू होतो अन् दुसऱ्या दिवशी 8:30 ला संपतो. 12 तारखेच्या पहाटे पडलेला पाऊस 11 च्या इशाऱ्यात बसतो. आपण मात्र 11 ला संध्याकाळीच शिव्या देऊन मोकळे.

विजेच्या इशाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. रोवणीत बाया बांधीत वाकलेल्या असतात, दहापैकी नऊ वेळा इशारा खोटा निघाला तरी मी त्यांना बाहेर काढीन. अर्धा तास गेला, जीव तर राहिला. दामिनी अ‍ॅप आपल्या भोवतीच्या 20 ते 40 किलोमीटरमधली वीज दाखवतं, मोबाईलमध्ये ठेवाच.

कापणीचं तसं नाही, तिथं खोटा इशारा परवडत नाही. दोन वर्षांमागं हलका धान कापणीला आला अन् ग्रुपवर मेसेज आला, "पुढचे 48 तास धोक्याचे". तारीख नाही, कोणी काढला ते नाही. मी मजूर परत पाठवले. दोन दिवस कडक ऊन! मग मजूर दुसरीकडं लागले, आठ दिवसांनी कापणी झाली, लोंबी झडली ती झडली, अन् कडपा बांधीत पडला असताना खरा पाऊस आला. धानाला कोंब फुटले. मेसेज पाठवणाऱ्याचं काय गेलं? चूक माझीही, तारीख न पाहता मी मानला.

ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तो तर वेगळाच. पाणी मध्य प्रदेशातून आलं, संजय सरोवरातून सोडलेलं. आपल्या जिल्ह्याचा पावसाचा रंग पाहून ते कसं कळणार? आजही विसर्ग सांगतात क्युमेक्समध्ये. 1 क्युमेक म्हणजे सेकंदाला 1000 लिटर. नदीकाठच्या माणसाला लिटर नको, पाणी कोणत्या पुलाला किती वाजता लागेल ते पाहिजे.

कृषीवाले साहेब म्हणतात, शेतकऱ्याला टक्के कळत नाहीत म्हणून रंग दिले. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. अहो साहेब, पंपात किती मिली औषध टाकायचं ते आम्ही रोज मोजतो, सोसायटीच्या कर्जाचं व्याज तोंडपाठ सांगतो. दहापैकी तीन वेळा पडेल, हे आम्हाला कळणार नाही? इशाऱ्यात तालुका लिहा, दुपार की पहाट ते लिहा, शक्यता आकड्यात लिहा. अन् हंगाम संपला की कोणत्या तालुक्याला किती इशारे दिले, किती खरे झाले, किती पाऊस न सांगता आले, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावा.

तोवर मी वही घातली आहे. डावीकडं इशारा जसाच्या तसा, उजवीकडं अंगणातल्या पर्जन्यमापकाचा सकाळी 8:30 चा आकडा. तुम्हीही लिहा, गावाचं नाव टाकून मला पाठवा. भारी धान कापायला अजून बारा-पंधरा दिवस आहेत.