हळद बिदअत, आणि हुंडा?

गेल्या महिन्यात भाचीचं लग्न झालं. हळद झालीच नाही. मुलाकडून आधीच निरोप आला होता, "हे आपल्यात नाही, ही गैरांची रस्म आहे." आपा गप्प बसली. मुलीची आई ती, काय बोलणार?

आमच्याकडे लग्नघरात पहिली हळद शेजारच्या काकू लावायच्या. माझ्या लग्नात अम्मीबरोबर जात्यावर बसून हळद त्यांनीच दळली होती. रात्री आमच्या बायका दखनीत गाणी म्हणायच्या, काकू मराठीत, आणि एकमेकींच्या विहिणींना दोन्ही भाषांत शिव्या घालायच्या! निकाहमध्ये काकूंना काय काम? तिथे काजी, वकील आणि साक्षीदार. वलीम्याला त्या पाहुण्या. घरच्या व्हायच्या त्या हळदीत. या वेळी त्या वलीम्याला आल्या, पाकीट दिलं आणि न जेवता गेल्या.

काकूंच्या घरीही सगळं गोड आहे असं नाही. नातू सांगतो, ईदचा शिरखुर्मा घेऊ नका. दोन्हीकडच्या पोरांचा उस्ताद एकच असावा, असा मला कधीकधी संशय येतो.

आता दीनचं बोलू. फिक्हमध्ये 'उर्फ' नावाची गोष्ट आहे. जी स्थानिक रूढी शरियतच्या विरोधात जात नाही, तिला मान्यता आहे. बायकांनी आपसात बसून नवरीला हळद लावणं नेमकं कशाच्या विरोधात जातं, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. 'गैरांची रस्म' एवढंच ऐकते. मग नऊवारी नेसणाऱ्या आमच्या नानीचं काय करायचं?

सहीह बुखारीत हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांची हकिकत आहे. त्यांच्या अंगावर पिवळा डाग पाहून पैगंबरांनी (स.) चौकशी केली. लग्न केलं, असं त्यांनी सांगितलं. पुढचा प्रश्न होता, मेहर किती दिलं? खजुराच्या बीएवढं सोनं, हे उत्तर आल्यावर वलीमा करायला सांगितलं, एका बकरीचा का होईना. तो डाग हळदीचा नव्हता, सुगंधी द्रव्याचा होता. त्यावरून मला हळदीचा फतवा काढायचा नाही. विचारलं काय गेलं, तेवढं बघा.

आमच्या नव्या जावयाच्या घरी मेहरची रक्कम काजीसाहेबांनी विचारेपर्यंत कुणाला ठाऊक नव्हती. मोटरसायकलचं मॉडेल मात्र दोन महिने आधी ठरलं होतं. फर्निचर, फ्रिज, पाचशे माणसांचं जेवण, सगळं आपाच्या नवऱ्यानं कर्ज काढून केलं. हुंड्याविरुद्ध 1961 पासून देशाचा कायदा आहे. मेहर नवऱ्यानं द्यायचं, हा कुरआनचा हुकूम तर चौदाशे वर्षांचा. पण 'हे आपल्यात नाही' असं मोटरसायकलबद्दल एकानंही म्हटलं नाही.

तेव्हा पुढच्या लग्नात ज्या कुणाला हळदीवर हरकत घ्यायची असेल, त्यानं मुलीच्या बापाकडून काय काय घेतलं त्याची यादी आधी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत वाचून दाखवावी. मग आमच्या जात्याकडे यावं.