परवाना फक्त पाहण्याचा!

1989 साली 'लायसन्स टू किल' हा बाँडपट आला. त्यात टिमोथी डाल्टन जेम्स बाँड झाला होता. बाँडच्या मित्राचे लग्न होते आणि त्याच दिवशी अमली पदार्थांच्या एका बड्या व्यापाऱ्याची माणसे नव्या नवरीचा जीव घेतात, मित्राला जन्माचा अधू करतात. बाँड सूडाने पेटतो. वरिष्ठ 'एम' त्याला दुसऱ्या कामगिरीवर जायला फर्मावतो. बाँड ऐकत नाही, तेव्हा एम तिथल्या तिथे त्याचा 'मारण्याचा परवाना' काढून घेतो.

इतकी वर्षे ज्याच्या जोरावर रुबाब केला, तो परवाना एका वाक्यात गेला! परवाना म्हणजे मालकी नव्हे, हे बाँडलाही तेव्हाच कळले असावे.

वाचकहो, आज आपल्या घरातही हेच चालले आहे. टीव्हीवर किंवा मोबाइलवर आवडता सिनेमा दिसतो. खाली दोन बटणे असतात: 'भाड्याने घ्या' आणि 'विकत घ्या'. भाड्याचा सिनेमा बहुतेक ठिकाणी 30 दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केला की 48 तासांत संपवायचा. एवढी घाई नको म्हणून आपण जास्त पैसे मोजतो, 'विकत' घेतो आणि आता तो आपला झाला म्हणून निर्धास्त होतो. पण अटींचा लांबलचक कागद कुणी वाचतो का? त्यात लिहिलेले असते की तुम्हाला मिळाला आहे तो केवळ पाहण्याचा परवाना!

तो परवाना जातो तरी कसा? कधी दुकानच बंद होते. अमेरिकेत 2011 साली 'अल्ट्राव्हायोलेट' नावाची योजना सुरू झाली. डिस्कच्या डबीतला कोड भरला की सिनेमा तुमच्या कपाटात जमा. 31 जुलै 2019 रोजी ते कपाटच बंद झाले. ज्यांनी आपले खाते वेळीच दुसऱ्या दुकानाशी जोडले होते, त्यांचे बहुतेक सिनेमे वाचले. कधी दुकान आणि निर्माता यांच्यातला करार संपतो. प्लेस्टेशनच्या दुकानाने 2021 साली सिनेमांची विक्री थांबवली. पुढच्याच वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांना कळवण्यात आले, की स्टुडिओकॅनलचे विकत घेतलेले सिनेमेही आता त्यांच्या संग्रहातून जातील. पैसे भरलेल्या माणसाचा यात दोष काय?

परदेशात मुले असलेल्या घरांची अडचण आणखी वेगळी. अमेरिकेतून येताना मुलगा वडिलांसाठी बाँडपटाची ब्लू-रे डिस्क आणतो. अनेक डिस्कवर प्रदेशाचे कुलूप असते. अमेरिका 'ए' विभागात आणि भारत 'सी'मध्ये, म्हणून इथल्या प्लेअरवर ती चालेलच असे नाही. डबीतला कोड भरावा, तर तो बहुधा त्या देशापुरताच आणि त्यालाही मुदत असते. तिकडे स्थायिक होताना खात्याचा देश बदलला, तर इथे घेतलेले काही सिनेमे नव्या देशात उतरवता येत नाहीत.

मला सर्वांत जास्त खटकते ते वारशाचे. 2007 साली मोझर बेअरने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतही सिनेमांचा संग्रह उभा राहिला. त्या डिस्कवर ओरखडे पडतील, पण त्या शेजारणीला देता येतात, नातवाला ठेवता येतात. ॲपलने मृत्यूनंतर खाते वारसाला पाहता यावे अशी सोय केली आहे. परंतु विकत घेतलेले सिनेमे, गाणी आणि पुस्तके तिच्यातून वगळली आहेत. आईने हौसेने जमवलेले सिनेमे आईबरोबरच गेले, असे म्हणायची वेळ येते.

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदा झाला आहे, की नुसता परवाना देत असाल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हा शब्द वापरता येणार नाही. आपल्याकडेही अशी पाटी लागायला हरकत नाही. किराणा दुकानदार वजनात मारतो तेव्हा आपण भांडतो. इथे तर मालच आपला नाही!

तोवर आपण एवढे करावे. एकदाच पाहायचा सिनेमा भाड्यानेच घ्यावा. पुन्हा पुन्हा पाहावासा वाटणारा असेल आणि इथे चालणारी डिस्क मिळत असेल, तर ती घ्यावी. खरेदी एकाच खात्यावर करावी, त्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एका जबाबदार माणसाला माहीत असावा, आणि पावत्या जपून ठेवाव्यात. दुकानाकडून आलेली सूचना जाहिरात समजून पुसून टाकू नये. अल्ट्राव्हायोलेटच्या वेळी ज्यांनी ती वाचली, त्यांचेच सिनेमे वाचले.

बाँडचे काय, पुढच्या चित्रपटात परवाना पुन्हा त्याच्याकडे असतो. आपल्याला मात्र पुन्हा पैसे भरावे लागतात.