फिरत्या ढालीचा कैवार

दिवाळी जवळ आली की घरोघर माळे साफ होतात, आणि माळे साफ झाले की भंगारवाल्याची हातगाडी जड होते. पूर्वी त्या गाडीवर फुटकी घंगाळे, वाकडे स्टोव्ह नि रद्दीचे गठ्ठे दिसत. अलीकडे तिच्यावर मला चषक दिसू लागले आहेत. ढालीही दिसतात. लाकडाची पाटी, तिच्या मध्यभागी धातूची मोठी ढाल, भोवताली नखाएवढ्या छोट्या ढालींची रांग, आणि प्रत्येकीवर एक साल नि एक नाव. या ढाली वजनावर जातात. लाकडाला तर वजनातही कोणी धरीत नाही. ते उपटून बाजूला टाकतात.

याविरुद्ध मला चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते गोड नाहीत. पण आमच्या कोकणात नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावण्याची चाल आहे, आणि फराळ त्यानंतर असतो. वाचकांनी हा लेख त्या कारिटाच्या जागी समजावा.

मी बोलतो आहे ते कॅरमच्या ढालींविषयी. रत्नागिरीत कॅरम का रुजला हे कळण्यासाठी येथील एक पावसाळा काढला पाहिजे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे तळे. क्रिकेट बंद, कबड्डी बंद, मिरकरवाड्याच्या होड्या बंदरात नांगरलेल्या. अशा वेळी चौऱ्याहत्तर सेंटिमीटरांचा एक चौकोन, नऊ पांढऱ्या नि नऊ काळ्या सोंगट्या, एक तांबडी राणी आणि वर टांगलेला पत्र्याच्या टोपीचा दिवा एवढ्या भांडवलावर आळीची आळी रात्र काढते. हवा अशी दमट की बोर्डावर बोरिक पावडर टाकावी आणि पाच मिनिटांत ती ओली व्हावी. या ओल्या बोर्डावर ज्याचा हात बसला तो कोरड्या गावात जाऊन भल्याभल्यांना पाणी पाजतो, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. त्यात थोडी बढाई असेल. पण रियाज अकबर अली, आकांक्षा कदम ही रत्नागिरीची नावे राज्याच्या स्पर्धांच्या बातम्यांत वाचणारा कोणीही ती सगळीच बढाई आहे असे म्हणणार नाही.

तर आमच्या भागातील एका मंडळाची जुनी इमारत पडावयाची आहे. नवी उठेल, तिच्यात मंडळाला एक खोली मिळेल, आणि त्या खोलीत 'जुना कचरा' नको, असा ठराव बैठकीत आला. कचरा म्हणजे काय? तर अकरा ढाली, सात चषक, गुणांच्या चार वह्या, एक कडा सुटलेला बोर्ड आणि एका डबीत जपून ठेवलेला हस्तिदंती स्ट्रायकर. मंडळाचे नाव मी सांगत नाही. ते सांगून काही साधणार नाही. असली मंडळे गावोगाव आहेत आणि असले ठरावही गावोगाव होत आहेत.

ठरावाच्या बाजूने पहिला मुद्दा आला तो किमतीचा. एका तरुण सभासदाने ढाल नखाने खरवडून सांगितले, "काका, ही चांदी नाही. जर्मन सिल्व्हर आहे." सांगताना त्याचा चेहरा एखादी लबाडी पकडल्यासारखा झाला होता. अहो, जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो, तांबे, निकेल नि जस्त यांचे ते मिश्रण, हे ढाल देणाऱ्यालाही ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. समुद्राच्या वाऱ्याने ते काळवंडते, दर गणपतीला चिंचेने घासावे लागते, हेही ठाऊक होते. क्रिकेटच्या जगात इंग्लंड नि ऑस्ट्रेलिया ज्या 'अ‍ॅशेस'साठी जीव टाकतात ते भांडे मातीचे आहे आणि उंचीने जेमतेम अकरा सेंटिमीटर. लॉर्ड्सच्या संग्रहालयात ते असे जपले आहे की मालिका कोणीही जिंको, ते तेथून हलत नाही. त्याची किंमत भंगारवाल्याला विचारावयाची काय?

उलट ज्याला खरोखरीच सोन्याचा मुलामा होता त्या फुटबॉलच्या ज्यूल रिमे चषकाची कथा पाहा. १९६६ साली लंडनमध्ये तो चोरीला गेला आणि पिकल्स नावाच्या कुत्र्याने तो हुंगून काढला. १९८३ साली रिओ दि जानेरोत पुन्हा चोरीला गेला तो कायमचा. आमच्या ढाली चोरही नेत नाहीत. नेतात ते आमचेच कार्यवाह.

दुसरा मुद्दा जागेचा. हा मुद्दा काढणाऱ्यांनी नव्या चषकांचे काय चालवले आहे ते एकदा पाहावे. आजकाल गल्लीतील स्पर्धेतही विजेत्याला कमरेएवढा चषक मिळतो. प्लास्टिकचा खांब, त्यावर सोनेरी मुलामा, त्यावर आणखी एक खांब, वर पंख पसरलेली कसलीशी बाई. उपविजेत्याला चार बोटे कमी, तिसऱ्याला आणखी चार बोटे कमी, आणि उत्तेजनार्थ सर्वांना. त्यावर नाव कोणाचे? पुरस्कर्त्याचे! विजेत्याचे नाव कोठेच नसते. कारण चषक आठवडाभर आधी घाऊक आणलेले असतात, आणि जिंकणार कोण हे तेव्हा कोणास ठाऊक? तेव्हा या चषकावरून एवढेच सिद्ध होते की अमुक साली अमुक गृहस्थांनी पैसे दिले. ते पावतीवरूनही सिद्ध झाले असते. असले चषक दोन पावसाळ्यांत खिळखिळे होतात, तिसऱ्यात पंखवाली बाई मान टाकते. त्यांना जागा आहे. आणि हातभर लांबीच्या पाटीवर पन्नास वर्षे मावतात तिला जागा नाही!

फिरत्या ढालीची रीतच वेगळी होती. ती तुमची होत नसे. वर्षभर तुमच्या घरच्या भिंतीवर राही, आणि पुढल्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी घासूनपुसून परत करावी लागे. परत करण्यापूर्वी बाजारात भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे नेऊन आपले नाव छोट्या ढालीवर घालून घ्यावयाचे, ते स्वतःच्या खर्चाने. म्हणजे जिंकणाऱ्याला थोडी तोशीसच पडे. पण त्या वर्षभरात घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती ढाल पाही आणि यजमानाच्या नावाआधीची नावेही वाची. जिंकणाराला आपण रांगेत उभे आहोत हे त्यामुळे विसरता येत नसे. आता प्रत्येकाला स्वतःचा चषक हवा, आणि तो फक्त स्वतःच्या घरात हवा. मग तो माळ्यावर गेला, माळ्यावरून गाडीवर गेला, तर रडावयास दुसरा कोण येणार?

तिसरा मुद्दा सर्वांत शहाणपणाचा म्हणून मांडला गेला. "फोटो काढून ठेवू." ठीक. काढा, मीही काढले. पण फोटो मोबाइलमध्ये राहतो आणि मोबाइल दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. शिवाय फोटोत ढालीची पाठ येत नाही. आमच्या एका ढालीच्या पाठीमागे त्या वर्षीचे नियम शाईने लिहिलेला कागद खळीने चिकटवला आहे. सामना तीन गेमचा, गेम पंचवीस गुणांचा, वगैरे आजही ओळखू येईल असे. आणि खाली एक कलम, की वीज गेल्यास डाव आहे तसा ठेवून बोर्डावर चादर घालावी, व दोन्ही बाजूंचा एकेक गडी पहाऱ्यास बसवावा. या एका कलमात त्या काळची वीज, त्या काळचा पावसाळा आणि त्या काळचा एकमेकांवरचा विश्वास, म्हणजे अविश्वासच म्हणा हवे तर, सगळे आले.

पण माझे खरे भांडण याहून पुढचे आहे. त्या अकरांपैकी एक ढाल दुहेरीची आहे. तिच्यावर साठीच्या दशकातील सलग तीन वर्षे तीच दोन नावे आहेत. एक कचेरीतील कारकुनाचे, दुसरे मच्छीमार मुसलमानाचे. एकच छोटी ढाल, जागा कमी, म्हणून नावे आखूड केलेली आणि मध्ये एक बारीक रेघ. मला सांगा, ही दोन नावे याआधी कोणत्या कागदावर शेजारी आली होती? सातबाऱ्यावर? देवस्थानच्या मानकऱ्यांच्या यादीत? लग्नपत्रिकेत? एक वरच्या आळीला राहणार, दुसरा बंदरावर. गावाच्या साऱ्या वह्या त्यांना वेगवेगळ्या पानांवर ठेवणाऱ्या होत्या. कॅरमच्या दुहेरीत मात्र जोडीदार समोरासमोर बसतात. एकाने राणी घेतली तर तिच्यावर सोंगटी घालण्याची जबाबदारी पुढच्या फटक्यात त्याचीच, आणि ती चुकली तर राणी परत मध्यभागी. त्याची किंमत मात्र दोघेही भोगतात. अशा तीन पावसाळ्यांचा हा पुरावा आहे. हे दोघेही आज नाहीत. त्यांच्या घरच्यांना या जोडीचा पत्ताही नसेल. ती ढाल वितळली की ती दोघे एकत्र खेळली हे सांगणारे या जगात काहीही उरणार नाही. माझे म्हणणे खोडावयाचे असेल त्याने आधी हे खोडावे.

आमचे गाव आठवणी जपण्यात मागे आहे असेही नाही. टिळकांचे जन्मघर आहे. १८८६ साली येथे आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आहे, त्यात संग्रहालय आहे. नगर वाचनालय तर १८२८ सालचे. म्हणजे थोरांसाठी जागा आहे, परक्या राजासाठी आहे, पुस्तकांसाठी आहे. बंदरावरच्या गड्यासाठी एक खिळा भिंतीत ठोकावयाचा, तर तेवढी भिंत नाही! आणि खेळाडू थोर झाला तरी सुटतोच असे नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या नावाची कुस्ती अकादमी होत नाही म्हणून २०१७ साली घरच्यांना ते पदक लिलावात काढण्याचा इशारा द्यावा लागला. तिथे कॅरमची काय कथा? ज्या खेळात मारिया इरुदयम यांना १९९६ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, ज्यात मुंबईच्या प्रशांत मोरे यांनी २०१६ नि २०१८ अशी दोनदा जागतिक अजिंक्यपदे घेतली, त्या खेळाला आजही आमच्याकडे 'बसून खेळायचा खेळ' म्हणतात. बुद्धिबळ काय धावत खेळतात?

हस्तिदंती स्ट्रायकरचे मात्र मी निराळे म्हणतो. तो विकून टाका, चांगले पैसे येतील, असे एकाने सुचवले. त्याला सांगावे लागले की १९८६ नि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार हा गुन्हा आहे. हत्तीच्या जिवावर उठलेल्या त्या वस्तूचा मला उमाळा नाही, आणि ती काचेत मिरवावी असेही मी म्हणत नाही. वनखात्याला विचारून जे योग्य ते करावे. ज्याचे नाव नाही, गाव नाही, अशी ती एकच वस्तू तेवढी बैठकीला मौल्यवान वाटली, हे मात्र नोंदवून ठेवतो.

मागणी मोठी नाही. नव्या खोलीची एक भिंत, अकरा खिळे, वह्यांसाठी वाळवीला दाद न देणारे एक लोखंडी कपाट. नव्या स्पर्धेला नवा चषक द्यावयाचा तर जरूर द्या. मात्र तो हातभरच असावा, फिरता असावा, आणि त्यावर पुरस्कर्त्याचे नाव एकदा नि विजेत्याचे दर वर्षी यावे.

ठराव बहुमताने तहकूब झाला आहे, नामंजूर नव्हे. तोवर अकराही ढाली माझ्या पडवीत, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवल्या आहेत. कोणाच्या आजोबांचे, काकांचे, आत्याचे नाव त्यांवर असण्याचा संभव असेल त्यांनी येऊन खुशाल पाहावे. फक्त दुपारी एक ते चार येऊ नये.