आवाज जन्मजात नसतो, तो घडवावा लागतो

चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर या दोन दिवसांनंतर आमच्या वर्गांत एक दृश्य हटकून दिसते. निम्म्या मुलांचे घसे बसलेले असतात. त्यांच्या निष्ठेचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु या बसलेल्या घशांची जबाबदारी मुलांवर नाही, आम्हां शिक्षकांवर आहे. आम्ही त्यांना गाणी शिकविली, गळा वापरण्यास मात्र शिकविले नाही.

याच्या मुळाशी एक जुना समज आहे : चांगला आवाज ही जन्मजात देणगी होय. जन्मावरून योग्यता ठरविण्याची रीत आपण सर्वत्र नाकारली. मग गळ्याच्या बाबतीत तीच का मानावी?

आपली परंपरा तर आवाजावरच उभी आहे. भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत नेला. 1922 मध्ये सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेल्या वामनदादांनी तो गावोगावी पोहोचविला. विठ्ठलवाडीहून पुढचेच स्थानक असलेल्या कल्याणात प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज नांदला. शाहीर विठ्ठल उमप ऐंशीच्या उंबरठ्यावरही गात होते. 2010 मध्ये नागपुरात मंचावरच त्यांनी देह ठेवला. असा गळा केवळ नशिबाने टिकत नाही. अखंड गाणे हाच त्या पिढीचा रियाज होता. घराण्यांत जपलेली विद्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून शाळेच्या वर्गात आणली, हे खरे. पण आमच्या वस्त्यांतील किती मुले त्या वर्गापर्यंत पोहोचली? म्हणून ती विद्या निवासी शाळेनेच मुलांच्या दारी आणली पाहिजे.

त्यासाठी फार काही लागत नाही. पहाटे ताठ बसून पोट फुगेल असा श्वास घ्यावा आणि ‘स्‌ऽऽ’ करीत सावकाश सोडावा. मग ओठ मिटून गुंजारव करावा. त्यानंतर खालच्या षड्जावर, जोर न लावता, आकार लावून ठेवावा. यालाच जाणकार खर्जाचा रियाज म्हणतात. शेवटी सरगमेचे साधे अलंकार विलंबित लयीत म्हणावेत. पंधरा मिनिटे पुरेत. घोटभर कोमट पाणी प्यावे, आणि घसा दुखू लागताच थांबावे. पुष्कळ ठिकाणी हा अभ्यास ओंकाराने करवितात. आम्हांस त्याची गरज वाटत नाही. स्वरयंत्राला धर्म नसतो. त्याला हवा असतो मोकळा स्वर आणि पुरेसा श्वास.

लगेच वंदना घ्यावी. पालीतील ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार नीट उच्चारणे हाही गळ्याचा उत्तम व्यायाम आहे. पालीत ‘श’ आणि ‘ष’ नाहीत, केवळ ‘स’ आहे. तरीही आमची मुले सर्रास ‘शरणं’ म्हणतात. घाईने ओरडून म्हटलेल्या वंदनेत हे कोणाच्याच ध्यानी येत नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. बारा ते पंधरा या वयात मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांबतात, आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो आणि मध्येच चिरकतो. अशा मुलांना आम्ही कधी काळी मागच्या रांगेत उभे करून ‘नुसते ओठ हलवा’ असे सांगितले आहे. त्यांतील काही पुन्हा कधीच गायले नाहीत. ज्या समाजाला शतकानुशतके गप्प बसविले गेले, त्याच्याच शाळेत मुलांना गप्प बसविणे हा आमचा अपराध होता. या वयात गाणे थांबवायचे नसते. पट्टी उतरवायची असते आणि धीर धरायचा असतो.

वीणावादक सोणाला तथागतांनी सांगितले होते, की तार अति ताणली तर बिघडते आणि अति सैल सोडली तरी स्वर देत नाही. वर्षभर मौन आणि जयंतीला आरडाओरडा, ही आमची रीत दोन्ही टोकांची आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की वंदनेपूर्वीची पंधरा मिनिटे वेळापत्रकात कायमची नोंदवावीत. जे माजी विद्यार्थी आज गातात, त्यांनी आठवड्यातून एक सकाळ विठ्ठलवाडीस द्यावी. पालकांनीही सुटीत घरी आलेल्या मुलाचा पहाटेचा आकार ऐकून त्याला गप्प करू नये. तो अभ्यासच करीत असतो.