फुटीचा निवाडा कोणी करावा ?

लोकसत्ताक राज्यास परशत्रूपेक्षा स्वतःच्या पोटातील तटांचे भय अधिक असते, ही गोष्ट अमेरिकेच्या राज्यघटनेच्या कर्त्यांनी पुरती ओळखली होती. १७८७ साली ‘फेडरॅलिस्ट’ मालेच्या दहाव्या लेखात जेम्स मॅडिसन याने असे प्रतिपादन केले की, तटबाजीचे मूळ मनुष्यस्वभावात व मालमत्तेच्या विषम वाटणीत आहे. ते उपटू जाल तर स्वातंत्र्यच उपटले जाईल. सबब तट नाहीसे करण्याच्या भरीस न पडता त्यांच्या परिणामांस आवर घालावा. आणि कोणीही स्वतःच्या कज्जाचा न्यायाधीश होऊ नये, हे त्यातील आद्य सूत्र होय.

हे सूत्र समजण्यास अमेरिकेस जावयास नको. मालवणच्या किनाऱ्यावर रापणकर व पर्ससीन जाळ्यांचे मालक यांचा तंटा सर्वांस ठाऊक आहे. दोघेही आपापल्या पोटासाठीच भांडतात. पण कोणी कोठे कोणते जाळे टाकावे, हे एका पक्षाने ठरवावे आणि दुसऱ्याने मुकाट्याने मानावे, असे कधी होणे नाही. म्हणूनच १९८१ चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला व २०१६ साली सरकारास पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले.

आता आमचा पक्षांतरबंदीचा कायदा याच कसोटीस लावून पाहा. १९६७ नंतर पक्षांतरांचा सुळसुळाट झाला, यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा विचार केला, आणि अखेर १९८५ साली ५२ व्या दुरुस्तीने घटनेस दहावे परिशिष्ट जोडले गेले. एकट्याने पक्षादेश मोडला तर सभासदत्व जावे, परंतु एकतृतीयांश मिळून फुटले तर अभय ! किरकोळ पक्षांतरास बंदी व घाऊक पक्षांतरास मुभा, हा मधु लिमये यांचा आक्षेप व्यापाऱ्यांस तरी समजावून सांगणे नको. २००३ साली ही सवलत गेली. दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मात्र खुलीच राहिली.

याहून मोठा दोष निवाडा करणाराविषयीचा आहे. तो अधिकार सभागृहाच्या अध्यक्षांस दिला, आणि अध्यक्ष तर बहुमताच्या इच्छेनेच त्या आसनावर बसतो. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी दोन न्यायाधीशांनी नेमके यावरच बोट ठेविले होते. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. ३ जुलै रोजी जी अध्यक्षांची निवड झाली, तीत ज्यांच्या अपात्रतेचा प्रश्न उभा होता त्यांचीही मते होती. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत निर्णय करण्यास सांगितले. तो झाला १० जानेवारी २०२४ रोजी, आणि दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. निर्णय बरोबर की चूक, हा येथे प्रश्न नाही. कोणताही निर्णय निःशंकपणे मानला जावा अशी ही रचनाच नव्हे, हा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल की, हा अधिकार काढून घेतल्यास अध्यक्षपदाची प्रतिष्ठा जाईल. आम्हांस उलट वाटते. या जोखडातून सुटल्यावरच ती टिकेल. भागीदारीच्या हिशोबाचा तंटा पडला असता तंट्यातल्याच एका भागीदाराने नेमलेला पंच मालवण-वेंगुर्ल्याच्या पेठेत कोणी पत्करील काय ? मग राज्याच्या कारभारात तो का पत्करावा ? २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र, कायम न्यायाधिकरणाचा विचार करण्याची सूचना संसदेस केली आहे. ते नेमावे, निकालास मुदत घालावी, आणि पक्षादेशाचे बंधन विश्वासदर्शक ठराव व अर्थविषयक विधेयके यांपुरतेच ठेवावे. तट राहणारच, पंच तटस्थ असावा, एवढे मागण्याचा हक्क मतदारांचा आहे, आणि मत मागावयास दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापाशी त्यांनी तो बजावावा.