चेर्निव्त्सीचा वारसा जपा

युक्रेनमधल्या चेर्निव्त्सी शहराने विसाव्या शतकात ऑस्ट्रिया, रुमानिया, सोव्हिएत संघ आणि युक्रेन अशा चार राजवटी पाहिल्या. ज्यू, रुमानियन, युक्रेनियन, जर्मन, पोलिश अशा सगळ्यांचे हे शहर. १९०८ मध्ये इथेच यिडिश भाषेची परिषद भरली. १९२० मध्ये इथेच जन्मलेला ज्यू कवी पॉल सेलान आई-वडील छळछावणीत गमावल्यावरही जर्मनमध्येच लिहीत राहिला. ही बहुरंगी वस्ती युद्ध, हद्दपारी आणि हत्याकांडाने उद्ध्वस्त केली. आज रशियन आक्रमणाशी झुंजताना युक्रेनने आपली ओळख ठामपणे मांडणे रास्तच आहे. मात्र सेलानची जर्मन आणि चेर्निव्त्सीतल्या रुमानियनभाषक मुलांची रुमानियन हीसुद्धा युक्रेनचीच संपत्ती आहे. या मुलांच्या मातृभाषेतील शिक्षणाला कीव्हने पूर्ण संरक्षण द्यावे.